जून दुधी

संध्याकाळी साडेसातला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, टॉर्च दातात धरून आणि हातात एक पांढरं फूल घेऊन वाकलेला इसम मीच आहे, हे मी सांगायच्या आत वॉचमननं शिट्टी फुंकली. तोंडात टॉर्च असल्यामुळे "मी आहे" एवढंही मला धड म्हणता येईना. जे काही बाहेर पडलं त्यानं त्याचा संशय आणखी वाढला.

"साहेब, तुम्ही? काय करायलाव अंधारात?"

टॉर्च काढून मी खरं ते सांगितलं. दुधीचं लग्न लावतोय.

दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. नर फूल लांब, बारीक देठावर एकटंच डुलत असतं. मादी फुलाच्या मागं मात्र इवलासा, लव असलेला दुधी आधीपासूनच लागलेला असतो. रात्री हिंडणाऱ्या पतंगांनी नराचे पराग मादीपर्यंत पोचवले तर तो दुधी वाढतो, नाही तर दोन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो. पतंग आमच्या पाचव्या मजल्यावरच्या गच्चीपर्यंत यायला तयार नव्हते. मग नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि त्याचे केसर मादी फुलाला हलकेच चोळायचे, हे काम वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अंगावर घेतलं होतं. माझ्या स्वतःच्या लग्नात मध्यस्थानं एवढी मेहनत घेतली नव्हती.

वॉचमन लातूरकडचा. गावाकडं चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्याकडं उकिरड्यावर येतोय की दुधी. कुणी बघतबी न्हाई त्याच्याकडं." मग शिट्टी खिशात घालून, हसू न दाखवण्याची काळजी घेत तो जिना उतरला. त्याची काळजी कमी पडली. दुसऱ्या मजल्यावरून आवाज आलाच.

मी शेतीकडे वळलो तो कचऱ्यामार्गे. २०१७च्या उन्हाळ्यात पुण्याच्या उरुळी देवाचीच्या कचरा डेपोला आग लागली आणि उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या तीन आठवडे अडवून धरल्या. त्यांचं काय चुकलं? वर्षानुवर्षं सगळ्या शहरानं आपलं खरकटं त्यांच्या विहिरींच्या शेजारी नेऊन ओतलं होतं. पण त्या तीन आठवड्यांत आम्हाला प्रथमच कळलं की 'कचरा टाकणे' या क्रियापदाला कर्म असतं, तसं स्थळही असतं. आजवर आम्ही फक्त टाकत होतो. कुठं, हा प्रश्न ज्याचा त्याला पडत होता, आणि तो ज्याला पडत होता तो आमच्या सोसायटीत राहत नव्हता.

सोसायटीची तातडीची सभा झाली. सेक्रेटरींनी जाहीर केलं की आपल्याकडे गांडूळ खत प्रकल्प आहे. सभेत शांतता पसरली. बारा वर्षं इथं राहणाऱ्यांना तो कधी दिसला नव्हता. मग ते आम्हाला पार्किंगच्या मागं घेऊन गेले. बिल्डरनं बांधून दिलेले विटांचे दोन हौद होते खरे. त्यात दोन पंक्चर सायकली, एक पाय मोडलेला कॅरम बोर्ड, गणपतीच्या मखराचं थर्माकोल आणि कुणाच्या तरी जुन्या घरातली 'सुस्वागतम्' अशी पाटी होती. गांडूळ नव्हतं. असतं तरी त्या पाटीवर विश्वास ठेवून आलं नसतं.

पुण्यात गांडूळ खत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एखादा प्रकल्प चालू ठेवला तर मिळकतकरात पाच टक्के सवलत मिळते, दोन चालू ठेवले तर दहा. हे आकडे सेक्रेटरींनी उच्चारले आणि पर्यावरणाबद्दलची आस्था सभेत एकदम पाच ते दहा टक्क्यांनी वाढली. एक समिती नेमली गेली. मी सभेला उशिरा पोचलो होतो आणि उभा होतो, एवढ्या भांडवलावर त्या समितीत आलो.

आता वर्गीकरण. २०१६च्या नियमांप्रमाणे ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा तेव्हा वेगळा ठेवायचा होता. वाचताना सोपं वाटलं. पण मराठी माणसाला दोन डबे दिले की तो तिसऱ्या शक्यतेचा शोध घेतो. नारळाची करवंटी ओली की सुकी? खोबरं ओलं असेल तर करवंटीही ओलीच, असं तळमजल्यावरच्या काकूंचं मत. शेंडी? शेंडीला नियमांत स्थान नव्हतं आणि हौदात ती कुजतही नव्हती. आमच्या पहिल्या वर्षीच्या खतात शेंड्या अशा ताज्या निघाल्या की पुन्हा भांडी घासता आली असती. चहाची गाळलेली पावडर ओली, पण टी-बॅग? तिची पिशवी कशाची यावर वीस मिनिटं गेली. आणि निर्माल्य! निर्माल्याला कचरा म्हटल्याबद्दल मला सभेत शब्द मागं घ्यावा लागला. ते पवित्र असतं. आजवर ते पवित्र असल्यामुळेच प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरून मुठेत भिरकावलं जायचं. शेवटी निर्माल्याला वेगळी टोपली, वेगळा कोपरा आणि खत झाल्यावर ते फक्त तुळशी-जास्वंदीला, असा तह झाला.

हौदाच्या कामात मला जे ज्ञान मिळालं ते शेतीचं नव्हतं. ओला कचरा हा घराचा खरा कुलवृत्तांत आहे. छापील कुलवृत्तांतात पराक्रमी पूर्वज असतात. ओल्या कचऱ्यात काल रात्री काय झालं ते असतं. पाळीनं सकाळी हौदाजवळ उभं राहून डबे रिकामे करून घेताना मला कळत गेलं की मधुमेहामुळे गोड बंद केलेल्या घरात पुरण उरतं, आहारतज्ज्ञांकडे जाणाऱ्या बाईंकडे सॅलडची देठं दिसतात पण बटाट्याची सालं कमी होत नाहीत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याच्या डब्यात आठवडाभर कांद्याचं एक टरफलही नसतं कारण त्यांचं सगळं जेवण बाहेरून, खोक्यांतून येतं. ऐन श्रावणात एका अत्यंत सोवळ्या घराच्या डब्यात बांगड्याचे काटे निघाले. मी त्या गृहस्थांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मांजर," ते म्हणाले. त्यांच्याकडे मांजर नाही. मी मान डोलावली. समितीच्या सदस्याला गोपनीयतेची शपथ देत नाहीत, पण द्यायला हवी.

सुका कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून आहे, आणि त्यातूनच पुढं 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आम्ही जे ज्ञान समिती नेमून मिळवत होतो त्यावर त्यांचा संसार चालतो. दुधाची पिशवी धुऊन, कोपरा पूर्ण न कापता द्यावी, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं; तुटलेला तो इवला तुकडा मागाहून कुणालाच वेचता येत नाही. "तुमचा हौद लय गरम करू नका दादा, न्हाईतर गांडूळ शिजंल," असंही त्या म्हणाल्या, तेव्हा आम्ही हसलो.

कारण आम्ही तो गरम करण्याच्याच मागं होतो. भाजीपाल्याची सालं, म्हणजे ओलं, आणि वाळका पाला, म्हणजे कोरडं, यांचं प्रमाण जमलं आणि ढिगाला हवा मिळाली की आतल्या जिवाणूंच्या कामानं तो तापतो, पन्नास-साठ अंशांपर्यंत जातो. 'ए' इमारतीतल्या निवृत्त कर्नलसाहेबांनी त्यासाठी लांब दांड्याचा थर्मामीटर आणला. मग रोज सकाळी फिरायला निघालेली माणसं हौदाशी थांबून, घरात तापाचा पेशंट असल्यासारखं हलक्या आवाजात विचारू लागली, "आज किती?" कर्नल म्हणायचे, "अठ्ठावन्न." सगळ्यांना बरं वाटायचं. गांडुळं मात्र एवढ्या उष्णतेत जगत नाहीत. आम्ही दोन किलो गांडुळं विकत आणून तापत्या हौदात सोडली होती; ती रातोरात भिंत चढून पार्किंगमध्ये पसरली आणि सकाळी सेक्रेटरींच्या गाडीखाली सापडली. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त खराट्यानं ती हळूच गोळा करून थंड पडलेल्या दुसऱ्या हौदात नेऊन टाकली.

आता टंचाई सुरू झाली ती पाल्याची. ज्या वाळक्या पानांना आमच्या गल्लीत दर फेब्रुवारीत काडी लावायची रीत होती, तीच पानं आम्ही आता शेजारच्या सोसायट्यांकडे मागू लागलो. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा गटच आहे. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना हवा आहे त्यांची तो गाठ घालून देतो. वधू-वर सूचक मंडळासारखंच. फक्त इथं वाळक्या स्थळाला जास्त मागणी.

खत तयार झालं म्हटल्यावर ते घालायचं कुठं, म्हणून मी बाल्कनीत भाजी लावली. इथं मला कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आठवले. गणिताचा हा प्राध्यापक 'प्रयोग परिवारा'तून शेतकऱ्यांना सांगत असे की नीट हिशोब केला, तर दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब जगू शकतं. ते गणित मी माझ्या बाल्कनीला लावलं. दहा गुंठे म्हणजे दहा हजार आठशे नव्वद चौरस फूट. माझी बाल्कनी चाळीस चौरस फूट. म्हणजे तिच्यावर एका माणसाचा चोपन्नावा भाग जगेल. माझं वजन चौऱ्याहत्तर किलो, त्याचा चोपन्नावा भाग साधारण एक किलो तीनशे सत्तर ग्रॅम. एवढं वजन नेमकं माणसाच्या मेंदूचं असतं, असं मी मोठ्या उत्साहानं हिला सांगितलं. "मग उपाशी ठेवला तरी चालेल," ही म्हणाली, आणि आत गेली.

पहिल्या हंगामात कुंड्या, कोकोपीट, निंबोळी पेंड, झारी, दोन प्रकारच्या कात्र्या आणि गुडघ्याखाली घ्यायची उशी मिळून साडेचार हजार रुपये गेले. वांगी नऊ आली. पाचशे रुपयांना एक. त्यांचं भरीत करायचं धाडस आम्हाला झालं नाही. भाजली की आकार कमी होतो. आम्ही ती भरली वांगी करून मोजून खाल्ली, आणि पाहुण्यांना एकेकच वाढलं. कोथिंबीर तर महिनाभर उगवेचना. मग मंडईतल्या भाजीवालीनं विचारलं, धने रगडले होते का? अख्खा धना म्हणजे चिकटून बसलेल्या दोन बिया. चपलेखाली हलके रगडून त्या सुट्या कराव्या लागतात. हे सांगताना तिनं सवयीनं माझ्या पिशवीत चार काड्या कोथिंबीर फुकट टाकली. माझ्या एक महिन्याच्या श्रमांची बाजारपेठेतली किंमत मला कळली.

उलट, ज्यांना मी कधी पेरलं नाही ते टोमॅटो खताबरोबर कुंडीत आले आणि कठड्यावरून खाली लोंबेपर्यंत वाढले. आमरसाच्या दिवसांत हौदात पडलेल्या कोयींना पालवी फुटली. पाकिटावर सुंदर चित्र असलेली, चाळीस रुपयांना आठ दाण्यांची संकरित बी मात्र मातीत गेली ती गेलीच. आपण लक्ष दिलं की रोप बिचकतं, असा माझा एक सिद्धान्त आहे. मुलांच्या बाबतीतही तो तपासून पाहायला हवा होता. आता उशीर झाला.

घरातल्या मडक्यातल्या खताबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हिनं तो विषय घरात काढायला मनाई केली आहे. एका सकाळी सहा वाजता हिनं झाकण उघडलं तेव्हा बोटाच्या पेराएवढ्या करड्या अळ्या मडक्याच्या काठावरून स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाल्या होत्या. मी पुस्तक आणून वाचून दाखवलं, की या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत, त्या कचरा झपाट्यानं फस्त करतात, त्यांची माशी चावत नाही, रोग पसरवत नाही. ही ओट्यावर उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकल्यावर तिनं विचारलं, "आणि तू?" मडकं त्याच दिवशी गच्चीवर गेलं. त्याच्यामागून मी, आणि माझ्यामागून दुधी.

गच्चीवरची ती लग्नं मात्र जमली. पराग चोळलेल्या प्रत्येक फुलाला दुधी धरला. ऑक्टोबरात पाच, नोव्हेंबरात चौदा, डिसेंबरात मी मोजायचं सोडलं. घरी दुधीची भाजी, दुधीचे कोफ्ते, दुधीचा हलवा, दुधीच्या सालीची चटणी असं एकामागून एक होत गेलं. पुढं ही नुसतं "जेवायला या" म्हणायची, पदार्थाचं नाव सांगायची नाही. मग मी वाटायला लागलो. स्वकष्टाचं, विषमुक्त, घरच्या खतावरचं म्हणून मी एकेक दुधी वर्तमानपत्रात गुंडाळून दारोदार दिला. लोकांना किती आनंद व्हायचा! "अरे वा, घरचा!" म्हणायचे. पुढंपुढं दाराच्या भिंगातून बघून मग घरात कुणी नसायचं. लिफ्टमध्ये माझ्या हातात पिशवी दिसली की लोकांना जिन्यानं जायचा व्यायाम आठवायचा. माझ्या बहिणीनं फोनवर "येताना काही आणू नको" असं म्हटलं, ते मी प्रथम प्रेमानं घेतलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी हौदाची पाळी माझी होती. डबे रिकामे झाले, मी वरचा थर दाताळ्यानं सारखा करत होतो, आणि त्यातून एक अख्खा दुधी वर आला. न चिरलेला. वर्तमानपत्रासकट. तारीख माझ्या वाटपाच्या दिवसाची, आणि शब्दकोडं माझ्याच अक्षरात अर्धवट सोडवलेलं.

कुलवृत्तांत वाचायची सवय झालेल्या माणसानं आजूबाजूचा मजकूर बघितला. मटारच्या शेंगा, डाळिंबाची सालं, भिजलेली फुलवात. यावरून मजला ठरत होता. जरा डोकं चालवलं असतं तर फ्लॅटही ठरला असता. मी डोकं चालवलं नाही. इकडे-तिकडे बघितलं, हौदाच्या काठाशी, कर्नलसाहेबांचा थर्मामीटर पोचत नाही अशा जागी खळगा केला आणि तो दुधी पुरून टाकला. वरून पाला घातला. घरी येऊन आंघोळ केली. हिला काही सांगितलं नाही, पण त्या दिवशी जेवायला मेथी होती आणि मी तिची जरा जास्तच स्तुती केली, असं ती अजून म्हणते.

जूनच्या दुसऱ्या पावसानंतर हौदाच्या त्या कोपऱ्यातून सात-आठ कोंब एकदम वर आले. जाड, गुबगुबीत दलं. आठवड्याभरात त्यांतला एक पार्किंगच्या पत्र्यावर चढला. कुणी त्याला दोरी बांधली नाही, पेंड घातली नाही, शेंडा खुडला नाही. जुलैअखेर त्यानं सेक्रेटरींच्या गाडीवर दाट सावली धरली आणि ऑगस्टात पत्र्याखाली दुधी लोंबायला लागले. जमिनीलगत पतंग भरपूर असावेत.

मासिक सभेत विषय क्रमांक चार : 'हौदालगत आपोआप उगवलेल्या वेलाची मालकी.' कचरा सगळ्यांचा, म्हणून दुधी सगळ्यांचे, असा एक पक्ष. फ्लॅटच्या क्षेत्रफळानुसार वाटावेत, असा दुसरा. ज्या घरातून जास्त ओला कचरा येतो त्याला जास्त हिस्सा, असं तळमजल्यावरच्या काकूंनी मांडलं, तेव्हा ते बाहेरून जेवण मागवणारं जोडपं खाली बघायला लागलं. ज्यांनी मागल्या हिवाळ्यात माझ्यासाठी दार उघडलं नव्हतं, ते सगळे हिस्सा मागत होते. अर्ध्या सभेनंतर कुणीतरी विचारलं, पण हा वेल आला कुठून?

सभेला पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेला वॉचमन दारात उभा होता. "कोवळ्या दुधीचं बी उगवत न्हाई," तो म्हणाला. "कुणीतरी जून दुधी टाकलाय. चांगला जून. खायच्या कामाचाच नसंल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीतल्या एक वहिनी मात्र माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या पदराचं टोक दुमडून पुन्हा उलगडत होत्या. मी पाण्याची बाटली उघडली आणि बराच वेळ पाणी प्यायलो. डिसेंबरात मोजायचं सोडल्यावर मी वेलावरचे दुधी वेळेवर काढायचंही सोडलं होतं, ही गोष्ट खरी. नखानं दाबून बघायचं असतं, नख रुतलं तर कोवळा. मी नख लावलं नव्हतं. लोक देणाऱ्याच्या तोंडावर दुधीला नख लावत नाहीत, म्हणून त्यांनाही ते घरी गेल्यावर कळलं असणार.

ठराव काय झाला ते इतिवृत्तात आहे. त्यात 'चर्चेअंती विषय पुढील सभेपर्यंत स्थगित' असं लिहिलंय. तोवर मावशींनी दोन दुधी कोवळे बघून, नख लावून नेले आणि कुणी काही बोललं नाही.

परवा संध्याकाळी साडेसातला मी बातम्या बघत बसलो होतो. इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन.

"साहेब, टॉर्च घेऊन या. गाडीच्या बाजूला मादी फूल उघडलंय. आज वारं लय हाय, पतंग न्हाई आला."